लेबल क्रमांक सात

१

कबुलीजबाब टाइप होऊन तयार होता, फक्त सहीची जागा रिकामी होती. अधीक्षकांच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली तो एकपानी कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते.

"चार वाजता सही होईल," अधीक्षक म्हणाले. "तुम्ही आलात ते बरं झालं. साक्षीदार म्हणून तुमचीही लागेल."

ज्यांना हे सांगितलं त्या बाई आरोग्य खात्याच्या तपासनीस होत्या. खात्यात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. त्यांच्या हातून गेलेल्या अहवालात खडा राहत नसे, म्हणून हे नाव पडलं होतं. या नोकरीत येण्याआधी त्यांनी अठरा वर्षं एका तंत्रशाळेत कॉम्प्युटर शिकवला होता. कुणी "यंत्राने केलं" असं म्हटलं, की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

त्यांनी कागद वाचला. 'मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी रुग्णाच्या किडनीचा आकडा यंत्रात चुकीचा भरला. त्यामुळे औषध चौपट गेले. ही चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली पद लिहिलं होतं, वरिष्ठ औषधनिर्माती.

मेलेली बाई एकतीस वर्षांची होती. हातमोज्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून दाखल झाली, किडन्या आधीपासूनच मंद होत्या. ठोके ताळ्यावर आणायला जे औषध सलाईनमधून देतात, ते किडनीवाटेच शरीराबाहेर पडतं. म्हणून अशा माणसाला ते पाव हिश्शानेच द्यायचं असतं. तिला एकशेवीस मिलिग्रॅम द्यायला हवं होतं, गेलं चारशेऐंशी. संध्याकाळी पाचला तिचं हृदय थांबलं.

"यंत्र तपासलंत?"

"दोनदा. तेच वजन, तोच किडनीचा आकडा घातला. दोन्ही वेळा एकशेवीसच आलं. प्रोग्राम चोख आहे. तेव्हा राहता राहिला माणूस." अधीक्षकांनी कागदावरचं वजन सरळ केलं. "छत्तीस वर्षांची नोकरी हो काकूंची. मलाही वाईट वाटतं. पण बाहेर तो बसलाय, त्याला काहीतरी सांगायला नको?"

बाहेर बाकावर मेलेल्या बाईचा भाऊ बसला होता. वेल्डिंगचं काम करणारा, हातांवर ठिणग्यांचे डाग असलेला माणूस. सहा दिवस तो रोज सकाळी येऊन बसत होता आणि कुणाशी बोलत नव्हता. चाळणीबाईंनी त्याच्यासमोरून जाताना मान लववली, तीही त्याला दिसली नाही.

२

औषधं मिसळायची खोली तळमजल्यावर होती. स्टीलचं लांब टेबल, काचेची पेटी, कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि लेबल छापायचं यंत्र. भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना चिकटवलेली होती. 'डोस हाताने कमी करू नये. यंत्र कमी करते.'

अख्खं रुग्णालय ज्यांना काकू म्हणे त्या बाई स्टुलावर बसल्या होत्या. धुऊन धुऊन हातांची सालं निघालेली. सहा दिवसांत त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या असाव्यात, असं चाळणीबाईंना वाटलं.

"मीच चुकले असेन," काकू म्हणाल्या.

"असेन? कागदावर तर 'भरला' असं ठाम लिहिलंय."

"कागद चौकशी कमिटीने लिहिलाय. मला आठवतं ते एवढंच, की मी डॉक्टरांच्या चिठ्ठीत बघून चार पूर्णांक एक भरला. पण सगळे म्हणतात यंत्र बरोबर आहे. मग मीच ना? डोळे दगा देतात या वयात."

"ही सूचना कधीची?"

"तीन आठवड्यांची. आधी यंत्राला किडनीचं काही कळायचं नाही. ते वजनावरून आकडा द्यायचं आणि किडनी मंद असली की मी हाताने कमी करायची. मग प्रोग्राम सुधारला. आता यंत्रच कमी करतं. मीही कमी केलं तर दोनदा कमी होईल, म्हणून हात लावायचा नाही."

"लेबल कसं काढता ते करून दाखवा."

काकूंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीसमोर बसून वरचा बाण दाबला. एक लांबलचक ओळ आपोआप उमटली. एंटर दाबल्यावर तीन प्रश्न आले, औषध कोणतं, वजन किती, किडनीचा आकडा किती.

"ही ओळ टाइप कोण करतं?"

"कुणीच नाही. ती असतेच. वरचा बाण दाबला की मागची ओळ परत येते. सकाळी भाऊजी येतात, पासवर्ड घालून खिडकी उघडून देतात, की दिवसभर मी आणि बाण."

"भाऊजी म्हणजे?"

"माझे धाकटे दीर. कॉम्प्युटरची खोली तेच बघतात." काकूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा ऊब आली. "मी लग्न होऊन आले तेव्हा अकरा वर्षांचे होते. हे गेले, पण भाऊजींनी कधी अंतर दिलं नाही. त्यांच्या नोकरीचा शब्द मीच टाकला होता इथे."

चाळणीबाई स्वतः स्टुलावर बसल्या. त्यांनी वरचा बाण दाबला. तीच ओळ. पुन्हा दाबला, पुन्हा तीच. त्या दाबतच राहिल्या, तोंडाने मोजत. मग ओळ हलेनाशी झाली.

"काकू, किती वर्षं काम करताय या यंत्रावर?"

"चार वर्षं झाली."

"रोजची दहा-पंधरा लेबलं. म्हणजे यंत्राच्या आठवणीत शेकड्याने ओळी हव्यात. इथे सत्तरच्या आत आहेत." चाळणीबाईंनी बाणावरून बोट उचललं. "याची आठवण फक्त बुधवारपासूनची आहे. मंगळवार कुणीतरी पुसून काढलाय."

३

प्रत्येक लेबलाला एक छोटी चकती जोडलेली असे. पिशवीवर लेबल चिकटवायचं आणि चकती सोलून रुग्णाच्या कागदांत डकवायची, ही तिथली रीत. चकतीवर लेबलाचा क्रमांक असे आणि तो कधी कुणी वाचत नसे. चाळणीबाईंनी वॉर्डात जाऊन सिस्टरकडे सगळ्यांचे कागद मागितले.

"सगळ्यांचे?" सिस्टर म्हणाली. "मॅडम, माझी जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची असते."

"मग बसून जेवा. मी वाचते."

एक वाजेपर्यंत त्यांच्या वहीत क्रमांक उतरले होते. सोमवारचं शेवटचं लेबल सतरा हजार चारशे सतरा. बुधवारचं पहिलं सतरा हजार चारशे अठरा. मध्ये मंगळवार होता, पण मंगळवारची लेबलं या रांगेत बसतच नव्हती. मंगळवारी क्रमांक एकपासून सुरू झाला होता. एक, दोन, तीन, असं करत चौदापर्यंत.

मेलेल्या बाईच्या कागदावर सातचा आकडा होता. बाकी तेरांतल्या बारांच्या चकत्या मिळाल्या. सहा नंबर कुठेच नव्हता.

त्या बारा रुग्णांच्या किडन्या त्यांनी चिठ्ठ्यांवरून तपासल्या. सगळ्या ठणठणीत. म्हणजे त्या दिवशी यंत्राला किडनीचं काही कळत नसतं, तरी या बाराजणांचं औषध जेवढं आलं तेवढंच आलं असतं. चाळणीबाईंनी वही मिटली. चूक दिवसभर यंत्रात बसून होती आणि ती फक्त एकाच बाईला बाधणार होती.

त्या परत काकूंकडे आल्या.

"सहा नंबरचं लेबल कुठंय?"

काकूंनी मान वर केली नाही. "फाडून टाकलं."

"का?"

"चारशेऐंशी आलं होतं. मला मोठं वाटलं. बाई चिमणीएवढी होती हो, अठ्ठेचाळीस किलो. मी म्हटलं आकडा भरताना चुकलं असेल, म्हणून पुन्हा एकेक बटण बघून भरलं. तरी तेच आलं. ते सातवं."

"म्हणजे दोनदा भरलंत आणि दुसऱ्यांदा मुद्दाम बघून भरलंत. काकू, शंका आलेला माणूस तीच चूक लगेच पुन्हा करत नाही. तुम्ही चार पूर्णांक एकच भरला होता. हे कमिटीला का सांगितलं नाहीत?"

काकू टेबलावरच्या लेबलांच्या कडा जुळवू लागल्या.

"सांगितलं असतं, तर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. शंका आली तर काकूंनी कुणाला विचारलं? मीही तोच विचारते. कुणाला विचारलंत?"

काकूंनी टेबलावरचा डाग नखाने खरवडायला सुरुवात केली. डाग स्टीलचाच होता, निघणारा नव्हता. "कुणाला नाही," त्या म्हणाल्या. त्या बाईला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि ते बघणं फार अवघड होतं.

४

प्रोग्रामर मागच्या इमारतीत बसायची. पंचविशीची, तोंड सुकलेलं. दारात तपासनीस दिसताच तिची पाचावर धारण बसली.

"मॅडम, माझी सुधारणा बरोबर आहे. मी चाळीस वेळा तपासलीय. काकू चुकल्या असं म्हणायला मला जड जातं, पण मी तरी काय म्हणू?"

"काही म्हणू नका. मला फक्त एक सांगा. लेबलाचा क्रमांक कुठून येतो?"

प्रोग्रामर जरा गोंधळली. "एक मोजणीची फाइल असते. प्रोग्राम चालवताना खिडकी ज्या फोल्डरमध्ये उभी असेल, तिथेच ती असते. तिथे फाइल नसेल तर प्रोग्राम नवी बनवतो आणि एकपासून मोजतो."

"खिडकी उभी असते म्हणजे?"

"म्हणजे काळी खिडकी नेहमी कुठल्या तरी एका फोल्डरमध्ये असते. आपण कुठल्या तरी खोलीत असतो तसं. काकूंची रोज 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये असते. तिथे मोजणीची फाइल सोडली तर काही नाही. प्रोग्राम वेगळ्या ठिकाणी आहे, 'औषध' नावाच्या फोल्डरमध्ये."

"मग घरात उभं राहून औषधमधला प्रोग्राम सापडतो कसा?"

"यादीमुळे. क्लासपाथ म्हणतात." बोलता बोलता तिची भीती कमी झाली, स्वतःच्या कामाबद्दल बोलताना माणसाचं होतं तसं. "प्रोग्राम एकसंध नसतो, त्याचे तुकडे असतात. एक प्रश्न विचारतो, एक डोस काढतो, एक छापतो. प्रोग्राम चालवायच्या ओळीतच आपण जागांची यादी देतो. तुकडा हवा झाला की यंत्र त्या जागा क्रमाने शोधतं. पहिल्या जागी मिळाला तर तोच उचलतं. पुढच्या जागी त्याच नावाचा नवा तुकडा असला तरी तिकडे बघत नाही."

"आणि सांगतही नाही."

"चकार शब्द नाही."

"यादीत काय काय आहे?"

"फक्त औषध. पूर्ण पत्ता. आधी दोन जागा होत्या, पहिली टिंब आणि मग औषध. टिंब म्हणजे 'आत्ता जिथे उभे आहोत ती जागा'. चाचणीला सोयीचं पडतं म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीने चार वर्षांपूर्वी ठेवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी सुधारणा पाठवताना मी लेखी कळवलं, टिंब काढा. हे बघा पत्र. खाली 'काढले' असा शेरा आणि सही आहे."

चाळणीबाईंनी पत्र पाहिलं. शेरा होता, सही होती.

"टिंब राहिलं असतं तर?"

"घरात उभं असताना काहीच झालं नसतं. घरात तुकडा नाही, मग यंत्र औषधमध्ये जाणार. पण खिडकी चुकून अशा फोल्डरमध्ये उभी राहिली, जिथे डोस काढणाऱ्या तुकड्याची जुनी प्रत पडलीय..." प्रोग्रामर थांबली. "तर जुनाच चालेल. त्याला किडनी माहीतच नाही."

चाळणीबाईंनी टेबलावरचा फोन ओढून काकूंच्या खोलीचा क्रमांक फिरवला.

"काकू, वरचा बाण दाबल्यावर येणारी ओळ तुम्ही कधी वाचलीत का?"

"नाही बाई. इंग्रजी लांबलचक. वाचून काय करू?"

"तिच्यात मंगळवारनंतर काही बदललं?"

"हसाल तुम्ही," काकू म्हणाल्या. "त्या ओळीत पहिल्या आडव्या रेघेच्या जरा पुढे एक ठिपका दिसायचा. मला वाटायचं काचेवर घाण बसलीय. चार वर्षं रोज सकाळी फडक्याने पुसायचे, जायचाच नाही. बुधवारी बघते तर ठिपका नाही. म्हटलं, निघाला एकदाचा."

५

कॉम्प्युटरच्या खोलीत गारवा होता. काकूंचे दीर अडतिशीचे, गोड बोलणारे. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

"वहिनींच्या वाट्याला हे यावं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरले. "आई गेल्यावर त्यांनीच वाढवलं मला. पण वयापुढे कुणाचं चालतं? चष्म्याचा नंबर वाढलाय, कबूल करत नाहीत. मीच त्यांना समजावलं, सही करून मोकळ्या व्हा. चार महिन्यांनी तशाही निवृत्त व्हायच्यात. फार तर सक्तीने घरी बसवतील."

"फौजदारीही होऊ शकते."

"या वयाच्या बाईला कोण तुरुंगात घालतंय हो."

चाळणीबाईंनी चहा घेतला नाही. "त्यांच्या खिडकीची आठवण पुसलेली दिसते."

"मी दर महिन्याला पुसतो. शिस्त आहे."

"मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी? यंत्राने पुसल्याची वेळ नोंदवलीय."

दिरांनी कपाळावरून हात फिरवला. "असेल. योगायोग."

"त्या यंत्रावर तुमच्याकडे फोल्डर किती?"

"घर, औषध, आणि एक 'जुने'. त्यात नुसते जुने अहवाल आहेत. बघा हवं तर." त्यांनी अगदी सहज फोल्डर उघडून दाखवलं. त्यांच्या दृष्टीने तिथे आता बघण्यासारखं काही नव्हतं.

अहवालच होते. सगळे सहा-सहा महिन्यांपूर्वीचे. मात्र अगदी तळाशी एक चिमुकली फाइल होती आणि तिची तारीख मंगळवारची होती. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं.

"ही कसली?"

दीर वाकून बघू लागले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "काहीतरी आपोआप बनलेली असेल. कचरा. काढून टाकू?"

"नको. तिला हात लावू नका. उघडा फक्त."

फाइल उघडली. आत एकच आकडा होता, चौदा.

६

चार वाजता चाळणीबाईंनी सगळ्यांना अधीक्षकांच्या खोलीत न जमवता औषधाच्या खोलीत जमवलं. अधीक्षक कबुलीजबाबाचा कागद आणि पेन घेऊनच आले. प्रोग्रामर आली, दीर आले. काकू स्टुलावर होत्या. दार उघडंच राहिलं. बाकावरचा माणूस उठून दाराशी येऊन उभा राहिला, आणि त्याला जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"मी एक रिकामं फोल्डर बनवलंय," चाळणीबाई म्हणाल्या. "त्यात डोस काढणाऱ्या तुकड्याची जुनी प्रत ठेवलीय, प्रोग्रामरने जपून ठेवलेली. आता मी खिडकी त्या फोल्डरमध्ये उभी करते आणि टिंब असलेली जुनी ओळ टाइप करते. काकू, भरा. अठ्ठेचाळीस किलो, चार पूर्णांक एक."

काकूंनी भरलं. लेबल सरकत बाहेर आलं. चारशेऐंशी. क्रमांक एक.

"आता खिडकी घरात आणते. वरचा बाण दाबा. ओळ तीच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. भरा."

एकशेवीस.

अधीक्षकांनी दोन्ही लेबलं हातात धरली. "म्हणजे काकूंनी..."

"काकूंनी बरोबर भरलं. मंगळवारी त्यांची खिडकी दिवसभर 'जुने' या फोल्डरमध्ये उभी होती. तिथे जुनी प्रत पडलेली होती आणि ओळीत टिंब होतं. यंत्राने आधी पायाखाली पाहिलं, जुना तुकडा मिळाला, काम भागलं. मोजणीही तिथेच नव्याने सुरू झाली, म्हणून त्या दिवशीचे क्रमांक एक ते चौदा आहेत. हे कुणी मुद्दाम केलं नाही. पण संध्याकाळी बातमी आल्यावर कुणाला तरी सगळं उमगलं. त्याने जुनी प्रत काढून टाकली, ओळीतलं टिंब काढलं, यंत्राची आठवण पुसली. हे करणारी माणसं दोनच असू शकतात."

प्रोग्रामर भिंतीला टेकली.

"ही नाही. हिच्याकडे या यंत्राचा पासवर्ड नाही. आणि असता तरी हिने सर्वांत आधी मोजणीची फाइल काढली असती, कारण ती कुठे पडते हे हिला माहीत आहे. ज्याने पुसलं त्याला तेवढंच माहीत नव्हतं. आज दुपारी त्याने स्वतःच ती फाइल मला उघडून दाखवली." चाळणीबाई दिरांकडे वळल्या. "पत्रावर 'काढले' लिहिलंत आणि टिंब काढलंच नाहीत. तीन आठवडे."

दीर अगदी हळू आवाजात बोलू लागले. सुधारणा बसवताना जुनी प्रत हाताशी असावी म्हणून त्यांनी 'जुने'मध्ये ठेवली होती. टिंब काढू काढू म्हणत राहून गेलं. मंगळवारी सकाळी वहिनींच्या यंत्रावर खिडकी उघडून देताना ते अहवाल बघायला त्या फोल्डरमध्ये गेले, तेवढ्यात वहिनींनी हाक मारली, की पहिली पिशवी घाईची आहे. ते खिडकी तशीच सोडून उठले.

"चूक झाली," ते म्हणाले. "जीव घ्यायचा होता का मला कुणाचा?"

"नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "पण त्यानंतर सहा दिवस तुम्ही गप्प बसलात. तुमचं खापर या बाईच्या डोक्यावर फुटताना बघत बसलात."

"वहिनींचे चार महिने उरलेत. माझी वीस वर्षं आहेत. घरात दोन लहान मुलं आहेत." दीर काकूंकडे बघायचं टाळत होते. "मला वाटलं, वहिनी समजून घेतील."

काकू उठल्या. त्यांनी अधीक्षकांच्या हातातून कागद घेतला, पेन घेतलं.

"काकू, आता गरज नाही त्याची," चाळणीबाई म्हणाल्या.

"आहे. मला सही करू द्या." काकूंचा आवाज स्थिर होता आणि त्याचीच चाळणीबाईंना भीती वाटली. "हे जाताना म्हणाले होते, धाकट्याला सांभाळ. मी या घरात आले तेव्हा अकरा वर्षांचं पोर होतं ते. मी माझं नाव घालते. तुमची ती फाइल काढून टाका."

"आणि मी? मी काय सांगू, सात नंबर कुठून आला ते?"

"काहीही सांगा."

काकूंनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या वाकल्या. चाळणीबाईंकडे पुरावा होता, पण त्यात एक भोक होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. फोल्डर, टिंब, मोजणीची फाइल, यातून फक्त हलगर्जी सिद्ध होत होती. लेबल निघाल्यावर आणि पिशवी टोचली जाण्याआधी इथे काय घडलं, ते काकूंखेरीज कुणी सांगू शकत नव्हतं, आणि काकू ते स्वतःबरोबर न्यायला निघाल्या होत्या.

तेव्हा दारातला माणूस बोलला. सहा दिवसांत पहिल्यांदाच.

"मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "टिंब, फोल्डर, काही नाही. मला एकच विचारायचंय. पिशवी वर पाठवताना कुणाला काहीच वाटलं नाही का? एवढ्या जणांत एकालाही शंका आली नाही?"

त्याने कुणा एकाला विचारलं नव्हतं. पण उत्तर असलेलं माणूस त्या खोलीत एकच होतं. काकूंचं पेन कागदाला टेकलेलं होतं आणि शाई एका जागी झिरपत होती.

"आली होती," काकू म्हणाल्या. "मला आली होती."

"वहिनी," दीर म्हणाले.

काकूंनी पेन खाली ठेवलं. त्या टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेल्या आणि त्या माणसासमोर उभ्या राहिल्या. "चारशेऐंशी बघून माझ्या काळजात धस्स झालं होतं. मी दोनदा काढून पाहिलं. मग कॉम्प्युटरच्या खोलीत फोन केला, म्हटलं, भाऊजी, आकडा फार मोठा वाटतोय, यंत्राने कमी केलाय ना, जरा बघता का? ते म्हणाले, बघितलं वहिनी, कमी करूनच आलंय, घाला. ते जागेवरून उठलेसुद्धा नव्हते. मला फोनमध्ये चहाच्या कपाचा आवाज येत होता. मला कळत होतं की त्यांनी बघितलेलं नाही. तरी मी घातलं. भिंतीवर लिहिलं होतं, आणि घरचा माणूस सांगत होता, म्हणून घातलं."

"वहिनी, मुलांचा विचार करा," दीर म्हणाले. त्यांचा आवाज अकरा वर्षांच्या पोरासारखा चिरकला होता.

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या माणसाने विचारलं, मग किती वाजता पिशवी वर गेली, आणि काकू त्याला वेळ सांगू लागल्या. चाळणीबाईंनी वही उघडून लिहायला घेतलं.